वर्गात स्पॅनिश कळते, पण बोलताना गाडी 'ब्येन'वरच थांबते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाचोऱ्याहून जळगावला रोज रेल्वेनं अपडाऊन करतो. कॉलेजात त्यानं दोन क्रेडिटचा स्पॅनिशचा कोर्स घेतलाय. घरी मोबाइलवर स्पॅनिश सिनेमे आणि मालिका बघतो. चार मित्रांनी मिळून रविवारी गप्पांचा गट सुरू केला होता, तो तीन आठवड्यांत बंद पडला. तो म्हणतो, "वर्गात सगळं कळतं, पेपरही सुटतो. पण कोणी 'कोमो एस्तास' (कसा आहेस) विचारलं की 'ब्येन' (बरा) म्हणतो आणि पुढं गाडी हलत नाही. वर्ग, सिनेमे, गप्पा, यांतल्या कशाला जास्त वेळ देऊ? आणि पुढच्या सत्रात स्पॅनिश ठेवू की सोडू?"

मी मूळची अमळनेरची. गेली चौदा वर्षं स्पॅनिश शिकवते, त्यातली नऊ जळगावात. तू माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच, आणि तिथली कॉलेजची मुलं एकमेकांना तेच म्हणतात.

कशाला जास्त वेळ द्यायचा, ही खरी अडचण मला वाटत नाही. तुझ्या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या गावांत राहतात आणि त्यांची एकमेकींशी ओळखच नाही, अडचण ती आहे. वर्गात तू 'मी, तू, तो' ची क्रियापदं लिहितोस. सिनेमात कोणीतरी चोरी करून पळत असतं. रविवारी तुम्ही बसून एकमेकांना म्हणता, "चला, आता बोलू या." मंगळवारी शिकलेला शब्द गुरुवारी कानावर पडत नाही आणि रविवारी तोंडात येत नाही. तीन ठिकाणी मिळून महिन्याला पाचशे शब्द भेटतात, पण दुसऱ्यांदा त्यांतला एकही भेटत नाही. शब्द तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपला होतो, माणसासारखाच.

आधी वर्गाचा हिशेब करू. एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे दोन क्रेडिटचे 30 तास. वर्गात चाळीस जण असतील तर तासाची साठ मिनिटं सगळ्यांत वाटली आणि शिक्षक अख्खा तास गप्प बसले, तरी तुझ्या वाट्याला दीड मिनिट येतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा-संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती पक्की स्पॅनिश यायला 600 ते 750 तासांचा वर्ग धरते. त्यामुळं 30 तासांत बोलता आलं नाही म्हणून तू स्वतःला ढ समजू नकोस, आणि तुझ्या शिक्षकांनाही दोष देऊ नकोस. सांगाडा देणं हे वर्गाचं काम आहे: कोणतं क्रियापद कसं चालतं, लिंग-वचन कसं जुळतं, चूक झाली तर ती कुठं झाली. हे सिनेमा सांगत नाही आणि मित्रही सांगू शकत नाहीत. मांस मात्र बाहेर चढवावं लागतं.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्यावर येते. आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो, आणि तिथं हकनाक अडतो.

पुण्यात शिकताना माझं पहिलं वर्ष यातच गेलं. आमच्या वर्गात सगळं इंग्रजीतून समजावत. 'आवडणं'चं क्रियापद मी 'आय लाइक'ला जोडून पाठ केलं होतं. तोंडी परीक्षेत चहा आवडतो का विचारल्यावर मी ठणकावून सांगितलं, "यो गुस्तो एल ते." समोरच्या बाई नुसत्या बघत राहिल्या. 'गुस्तो' म्हणजे 'मी आवडते'. किती महिने मी तेच घोकत होते! दिवाळीत घरी गेले तर ओट्यावर बसलेल्या आजीनं विचारलं, "तुले चहा आवडस ना वं?" आणि मी तिथंच थबकले. 'तुले'. 'माले'. मला चहा आवडतो: मे गुस्ता एल ते. मला आंबे आवडतात: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद चहाच्या आणि आंब्यांच्या मागं चालतं, माझ्या मागं नाही. अहिराणीत, मराठीत आणि स्पॅनिशमध्ये वाक्याची घडण एकच. इंग्रजी मध्ये आली म्हणून माझं वर्ष गेलं.

असं आणखी खूप आहे. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणताना आपण विशेषण आपोआप बदलतो. 'एल चिको बुएनो, ला चिका बुएना' हे तेच. 'जातो' म्हटलं की 'मी' म्हणावं लागत नाही, स्पॅनिशमध्येही 'बोय' म्हटलं की पुरे. आणि हे बघ: 'मी चावी शोधतो', पण 'मी भावाला शोधतो'. वस्तूला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्ये 'बुस्को ला याबे', पण 'बुस्को आ मी एर्मानो'. ते मधलं 'आ' म्हणजे आपला 'ला'. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात या 'आ'साठी अख्खं पान खर्ची घालतात. मराठी बोलणाऱ्याला एक ओळ पुरते. शिवाय 'चावी' आपल्याकडं पोर्तुगीजातून आली, म्हणजे ती 'याबे'ची चुलत बहीणच. 'साबण' आणि 'खाबोन', आपला 'पगार' आणि स्पॅनिशचं 'पागार' म्हणजे पैसे देणं, ही त्याच घरची भावंडं.

उच्चारांतही आपण पुढं आहोत, फक्त इंग्रजी शाळेची सवय मोडली पाहिजे. स्पॅनिश 'त' हा आपला त आहे, इंग्रजीतला ट नाही. तोमाते म्हण, टोमॅटे नको. दोन 'एल' लिहिलेले असले की बहुतेक ठिकाणी उच्चार 'य'सारखा होतो. ज्यांच्या घरी डोळ्याला 'डोया' आणि केळीला 'केयी' म्हणतात, त्यांना हे अजिबात परकं वाटत नाही. अशी मुलं माझ्याकडं येतात तेव्हा बोली लपवत येतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, की ती लपवायची नाही, इथं ती कामाची आहे.

मराठी फसवते ती ठिकाणंही ठाऊक असू दे. 'मी पोळी खाल्ली, मी आंबा खाल्ला', इथं आपलं क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणं बदलतं. स्पॅनिशमध्ये पोळी असो की आंबा, 'कोमी'च. लिंगही आपल्यावरून ताडायचं नाही. आपली तापी बाई आहे, पण स्पॅनिशमध्ये नदी पुल्लिंगी, म्हणून 'एल तापी' म्हणावं लागतं. आणि आपल्या एका 'आहे'ची तिथं दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. तिथं सगळे अडखळतात. मी ते केळीवरून शिकवते. 'लोस प्लातानोस सोन बेर्देस' म्हणजे केळी रंगानंच हिरवी, त्यांची जातच तशी. 'लोस प्लातानोस एस्तान बेर्देस' म्हणजे केळी अजून कच्ची आहेत, पिकायची आहेत. रावेर-यावलच्या मुलांना हा फरक पुन्हा सांगावा लागत नाही. घड कापायचा की थांबायचं, हा त्यांच्या घरचा रोजचा प्रश्न असतो. (केळीला मात्र सगळीकडं 'प्लातानो' म्हणत नाहीत. इक्वादोर हा जगातला सर्वांत मोठा केळी निर्यातदार, तिथं घरात 'गिनेओ' म्हणतात. व्हेनेझुएलात 'काम्बुर', अर्जेंटिनात सरळ 'बानाना'. सुमारे 50 कोटी लोकांची मायबोली आणि वीस देशांची अधिकृत भाषा म्हटल्यावर असं होणारच.)

सिनेमे. तू आठवड्याला दोन बघतोस आणि खाली इंग्रजी ओळी चालू ठेवतोस, असं लिहिलंयस. त्यात तू इंग्रजी वाचतोयस, स्पॅनिश नुसती मागं वाजतेय. आनंदासाठी बघ, जरूर बघ. पण अभ्यास म्हणून बघायचं असेल तर अख्खा सिनेमा नको, तीन मिनिटांचा प्रसंग घे. जेवणाचा, दुकानातला, फोनवरचा, असा साधा. आधी ओळी बंद ठेवून बघ. मग स्पॅनिश ओळी चालू करून बघ आणि पाच वाक्यं वहीत उतरव. मग त्या पात्राच्या मागोमाग त्याच्याच चालीत बोल, पुटपुटत नाही, आवाज काढून. तीन मिनिटांना चाळीस मिनिटं लागतील, आणि ती वाया जाणार नाहीत.

यात एक खाचखळगा आहे, जो मला फार उशिरा कळला. इंग्रजी किंवा कोरियन मालिका स्पॅनिश आवाजात लावली आणि खाली स्पॅनिश ओळी लावल्या, तर दोन्ही जुळत नाहीत. आवाजाचं भाषांतर वेगळं केलेलं असतं आणि ओळींचं वेगळं. मुलांना वाटतं आपलाच कान खराब आहे. म्हणून मुळात स्पॅनिशमध्ये बनलेलीच गोष्ट निवड, आणि ओळींच्या यादीत ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या ओळी असतील तर त्या लाव. त्या बहुधा शब्दशः बोलण्याबरहुकूम असतात.

पहिले सहा महिने एकाच देशाचं ऐक. कोणता, हे तुझ्यावर आहे. पुढं स्पेनला शिकायला जायचं मनात असेल तर स्पेनचं. नक्की काहीच नसेल तर मेक्सिको किंवा कोलंबियाचं घे, माझ्या मुलांना ते कानाला सोपं जातं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतं आणि क्रियापद बदलतं. कॅरिबियन भागात शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. ते सगळं नंतर. आणि सिनेमातला शब्द विचारल्याशिवाय बाहेर वापरू नकोस. 'कोखेर' हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सर्रास वापरतात, मेक्सिको-अर्जेंटिनात ते अश्लील आहे. 'तोमार' म्हण, कुठंही चालतं.

आता गप्पांचा गट, कारण तुझं बोलणं तिथंच अडलंय. तुमचा गट तीन आठवड्यांत का बंद पडला, हे तू लिहिलं नाहीस, पण मी अंदाज करते. विषय ठरलेला नव्हता, ज्याला जास्त येतं तोच बोलत होता, आणि कोणी चुकलं की दोघंजण मध्येच तोडत होते. माझा पहिला गटही असाच मोडला. मी मुलांना 'पर्यावरण' आणि 'तंत्रज्ञान' असले विषय दिले होते. ज्या विषयावर माणूस मराठीतही कष्टानं बोलतो, त्यावर तो चौथ्या महिन्यात स्पॅनिशमध्ये काय बोलणार?

नंतर आम्ही रविवारी सकाळी मेहरूण तलावावर भेटायला लागलो. पाच जणं, एक तास. पाचापेक्षा जास्त कधीच घेतले नाहीत. विषय त्या आठवड्याच्या वर्गातलाच. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, एकानं चुका टिपून घ्यायच्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत सांगायच्या. शब्द अडला तर मराठीत पळायचं नाही, 'कोमो से दीसे' (कसं म्हणतात) म्हणून विचारायचं किंवा वळसा घालून सांगायचं. आणि प्रत्येकानं बरणीतल्या लोणच्यासारखे चार-पाच शब्द कायम हाताशी ठेवायचे: 'बुएनो', 'पुएस', 'आ बेर', 'एस के'. आपण 'बरं', 'म्हणजे', 'बघ ना', 'त्याचं असंय की' म्हणून विचाराला वेळ घेतो ना, तेच. तुझी गाडी 'ब्येन'नंतर थांबते कारण तुझ्याकडं हे शब्द नाहीत, आणि उलटा प्रश्न नाही. 'ब्येन, इ तू?' (बरा, आणि तू?) एवढं म्हटलंस की चेंडू समोरच्याकडं जातो आणि तुला श्वास मिळतो.

एका रविवारचं सांगते, म्हणजे तिन्ही गोष्टी जोडायच्या म्हणजे काय ते कळेल. त्या आठवड्यात वर्गात 'आवडणं' आणि कर्ता न सांगता क्रिया सांगायचं 'से' झालं होतं. 'से आसान लास बेरेन्खेनास' म्हणजे 'वांगी भाजतात', कोण भाजतं ते महत्त्वाचं नाही. बुधवारी सगळ्यांनी स्वयंपाकघरातला एकच तीन मिनिटांचा प्रसंग बघितला होता. रविवारी विषय होता भरीत. आमच्यासोबत फोनवर कोलंबियाची एक शिक्षिका होती. यावलची एक मुलगी, जी आधीचे दोन रविवार फक्त मान हलवत बसली होती, सांगायला लागली. वांगी भाजतात इथवर ठीक गेलं. कशावर भाजतात, इथं ती अडली. पऱ्हाटीला स्पॅनिशमध्ये काय म्हणणार? मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "लास रामास सेकास देल आल्गोदोन", कापसाच्या सुक्या फांद्या. पलीकडून बाईंनी विचारलं, "नो से केमान?" करपत नाहीत का? ही क्षणभर थांबली, "पुएस..." म्हणाली, आणि मग, "पोर फुएरा सी, पोर देन्त्रो नो." बाहेरून करपतात, आतून नाही.

व्याकरण वर्गातलं होतं, 'केमान' सिनेमाच्या प्रसंगात आलं होतं म्हणून प्रश्न कळला, आणि उत्तर तिच्या घरच्या चुलीवरचं होतं. ती त्या दिवशी वीस मिनिटं बोलली. नंतर मी तिला सांगितलं की 'बेरेन्खेना' हा शब्द अरबीतून स्पेनला गेला, अरबीत फारसीतून आला आणि त्याच्यामागं संस्कृतातलं 'वातिंगण' उभं आहे. वांगं इथून निघालं आणि फिरून आपल्या पानात आलं. 'नारान्खा' म्हणजे संत्रं, त्याच्यामागंही आपलं नारिंगच आहे. हे ऐकून ती जी हसली, ते मी विसरणार नाही.

तुझ्या आठवड्यात हे असं बसेल. वर्गात जे झालं त्यातली दहा वाक्यं निवड आणि तुझ्या घरची, गावची करून लिही. पुस्तकातल्या माद्रिदच्या मेट्रोऐवजी तुझी सकाळची गाडी, फलाट, चहावाला. त्याच विषयाचा तीन मिनिटांचा प्रसंग शोध आणि त्याचा आवाज मोबाइलमध्ये घेऊन ठेव. गाडीत जाताना कानाला लाव, येताना तीच दहा वाक्यं मनात फिरव. रविवारी गटात तोच विषय. पुढच्या तासाला गटात टिपलेल्या चुका घेऊन शिक्षकांकडं जा. चाळीस जणांच्या वर्गात 'सर, मला समजलं नाही' म्हणण्यापेक्षा 'सर, आम्ही असं म्हणालो, ते का चुकलं' हे विचारलं की कोणताही शिक्षक थांबून सांगतो.

स्पॅनिश बोलणारं माणूस हवंच असेल तर वेळेचं गणित बघ. आपले रात्रीचे नऊ म्हणजे माद्रिदचे हिवाळ्यात दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. आपली सकाळची साडेसहा म्हणजे मेक्सिको शहरात आदल्या संध्याकाळचे सात. भाषेची देवाणघेवाण करणारी ॲपं आहेत, तिथली माणसं बदल्यात तुझ्याकडून इंग्रजी मागतील, त्याची तयारी ठेव. फोन नंबर आणि पत्ता लगेच देऊ नकोस, आणि गटात मुली असतील तर कॉल सगळ्यांनी मिळून करा. पण पहिले तीन महिने हे नसलं तरी अडत नाही. पाचोऱ्याचे दोघं आणि जळगावचे दोघं एवढ्यावर गट चालतो.

परीक्षेबद्दल तू ओझरतं विचारलंयस. 'देले' ही इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेन सरकारच्या भाषा-संस्थेची परीक्षा, तिचं प्रमाणपत्र कायम चालतं. 'सिएले' ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, तिची मुदत पाच वर्षांची. ए1 या सर्वांत खालच्या पातळीच्या 'देले'त वाचन-लेखन मिळून 50 गुण आणि श्रवण-संभाषण मिळून 50, आणि दोन्हीकडं स्वतंत्रपणे 30 लागतात. म्हणजे लेखी कितीही चांगली गेली तरी ऐकण्या-बोलण्याची बाजू ती भरून काढत नाही. माझ्याकडचे विद्यार्थी सगळं धरून 90-100 तासांत ए1ला बसण्याजोगे होतात. नोकरीसाठी विचारत असशील तर पुण्या-हैदराबादच्या कंपन्या बहुधा बी2, म्हणजे ए1च्या तीन पायऱ्या वरची पातळी मागतात. ते दोन क्रेडिटच्या पलीकडचं काम आहे, दोन-तीन वर्षांचं.

तेव्हा पुढच्या सत्राचं उत्तर. शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टमुळं रविवारचा तासही निघणार नसेल तर कोर्स खुशाल सोड, नुसत्या वर्गासाठी ठेवू नकोस. तो एक तास निघत असेल, तर नाव घाल. आणि गट पुन्हा सुरू करताना पहिल्या रविवारी विषय जेवणाचा ठेव. पाचोऱ्याच्या घरात शेवभाजी कशी करतात, हे चौघांनी चार तऱ्हांनी सांगा. कोणाची खरी, यावरून भांडण झालंच तर ते स्पॅनिशमध्ये करा.